कपाटातून जायची माझी खोली

"यम्मा, एक विचारू? या घरात आपण राहतो की पाहुणे राहतात?"

शुक्रवारच्या जेवणाला कुसकुसच्या, म्हणजे वाफवलेल्या जाड रव्याच्या, मोठ्या थाळ्याभोवती आम्ही चौघं बसलो असताना मी हे विचारलं, आणि बाबांच्या हातातला भोपळ्याचा तुकडा परत थाळ्यात पडला. प्रश्न माझा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगते. तो वियाम आणि इबतिसाम या माझ्या मैत्रिणींचा. शाळेच्या मागच्या भिंतीशी सूर्यफुलाच्या बिया सोलत त्यांनी पैज लावली होती, की हे तुझ्या आईला तोंडावर विचारून दाखव. महिन्याभरापूर्वीची मी असते तर "नको गं बाई" म्हणून बिया खात बसले असते. पण मधल्या काळात मी शाळेच्या वादविवाद स्पर्धेत पहिली आले होते. तेव्हापासून माझी समजूत अशी, की मी तोंड उघडलं की समोरच्यांनी आधी गप्प व्हायचं आणि मग टाळ्या वाजवायच्या. घरच्यांनी त्यातलं निम्मं केलं. ते गप्प झाले.

आता प्रश्नामागचं दुखणं सांगते. आमच्या घरातली सगळ्यात मोठी खोली म्हणजे दिवाणखाना. सात मीटर लांब, तीन मीटर रुंद, दोन खिडक्या, समुद्राचा उजेड. तिन्ही भिंतींना लागून जरीच्या कापडाच्या बैठका, बैठकांवर चादरी, दाराला कुलूप, आणि किल्ली यम्माच्या कमरेला. आम्ही राहतो शेजारच्या खोलीत. ती एवढीशी आहे की बाबांनी पाय लांब केले तर टीव्हीवरचा कार्यक्रम बदलतो. तिथेच आम्ही जेवतो, तिथेच बाबा वह्या तपासतात, तिथेच मी आणि माझी मोठी बहीण सनाए झोपतो, आणि तिथेच सनाए तिच्या नौफलशी फोनवर कुजबुजते. तिच्या कुजबुजण्यापेक्षा टीव्ही शांत. या सगळ्यात मी अकरावीच्या प्रादेशिक परीक्षेचा अभ्यास करायचा. तिचे गुण बारावीच्या निकालात धरतात, म्हणजे जून महिन्यातल्या दोन दिवसांवर माझं सगळं पुढचं आयुष्य. मला एक टेबल हवं होतं आणि बंद होणारं एक दार. एवढंच.

आणि नाव काय, तर इकराम! म्हणजे पाहुणचार. माझ्या जन्माच्या वेळीच यम्मानं स्वतःचा पक्ष जाहीर करून टाकला होता.

"पाहुणे आले की बसवू कुठे?" यम्मा शेवटी म्हणाली. "तुझ्या डोक्यावर?"

बाबा माध्यमिक शाळेत गणित शिकवतात, त्यामुळे घरात भांडण लागलं की ते पट्टी शोधतात. "दोन ईद, एक बारसं, एक दुखवटा," ते म्हणाले. "गेल्या वर्षात दिवाणखाना एकूण एकोणीस तास वापरला गेला."

"पाहुण्यांचे तास मोजता? उद्या घास मोजाल!"

बाबांनी थाळ्यातलं कुसकुस सारखं केलं, हरभऱ्यांनी चौकोन आखला आणि मध्ये एक गाजर आडवं ठेवलं. "हे बघ झहरा. हे सात मीटर. इथे भिंत. इकडे पाच मीटर तुझा दिवाणखाना, तिकडे दोन मीटर इकरामची खोली."

यम्मानं शांतपणे गाजर उचललं आणि खाऊन टाकलं. आमच्या घराच्या नूतनीकरणातलं पाडकाम असं सुरू झालं.

पण संध्याकाळपर्यंत ती विरघळली. कशानं, ते मला माहीत नाही. बहुतेक मी जिन्यात बसून मोठ्यांदा इतिहास पाठ करत होते म्हणून. ते सगळ्या बिल्डिंगला ऐकू जात होतं. अट मात्र घातली. "आज माझ्या दिवाणखान्यात बावीस माणसं बसतात. भिंत झाल्यावरही बावीसच बसली पाहिजेत. एकवीस झाली तर भिंत पाडायची आणि तू परत टीव्हीपाशी."

बावीस! मला वाटलं, किती सोपं.

सोमवारी बाबा आणि मी नगरपालिकेत गेलो. बाबांनी रात्री जागून अर्ज लिहिला होता. त्यात आकृती होती, मापं होती, शेवटी "म्हणून" असं लिहून निष्कर्षही होता. खिडकीमागच्या कारकुनानं तो वाचला, बाबांकडे पाहिलं आणि उठून उभा राहिला.

"सर! ओळखलंत? मी हमीद. आठवी ब."

बाबांचा चेहरा खुलला. आता आपलं काम झालंच, असं मला वाटलं. मी अजून लहान आहे.

"सर, भिंत म्हणजे बांधकामात बदल," हमीद अतिशय आदरानं म्हणाला. "वास्तुविशारदाचा नकाशा लागेल, अभियंत्याचा दाखला लागेल, वरच्या-खालच्या शेजाऱ्यांची पत्रं लागतील."

"आणि नुसता रंग लावायचा असता तर?" मी विचारलं.

"तर आत्ता शिक्का मारला असता."

"मग रंगच लिहा ना."

"इकराम!" बाबा असे दचकले, जणू मी त्यांचा खिसा कापला. "जे करायचं नाही ते लिहायचं नाही."

"बरोबर आहे सर," हमीद म्हणाला. "तुम्ही मला वीसपैकी चार दिले होते. उत्तर बरोबर होतं माझं, पण पायऱ्या दाखवल्या नाहीत म्हणून." त्यानं अर्ज हळूच परत सरकवला. "आता तुम्ही सगळ्या पायऱ्या दाखवा सर."

घरी येताना बाबा चौकात थांबून म्हणाले, "उत्तर बरोबर नव्हतं त्याचं. चिन्ह चुकलं होतं."

वरच्या मजल्यावरच्या हज्जा रकियाकडे मी पत्रावर सही मागायला गेले. सही मिळाली नाही, सल्ले मिळाले. भिंत घालू नका, हवा अडते. घातलीच तर खिडकी ठेवा. खिडकी ठेवलीत तर पडदा लावा, नाहीतर पाहुण्यांना मुलगी अभ्यास करताना दिसेल आणि त्यांना वाटेल की हिचं लग्न करायचं नाहीये. हज्जा वाईट नाही. पण तिच्याकडे मत मागायला लागत नाही, ते जिन्यात वाटपाला ठेवलेलं असतं.

त्याच संध्याकाळी मोहल्ल्यावर सरकारी नजर ठेवणारे मुकादम, सी लहसन, म्हणजे श्रीयुत लहसन, दारात हजर. गल्लीत कुणाकडे नवी मांजर आली तरी यांना आधी कळतं.

"सी तैयब, भिंत बांधताय म्हणे."

"अजून एक वीटही आणली नाही," बाबा म्हणाले.

"म्हणून तर आलो. वीट आल्यावर यावं लागलं की मलाच वाईट वाटतं." त्यांनी चहा घेतला, मिशी पुसली आणि छताकडे बघत म्हणाले, "कपाट का नाही बांधत? कपाटाला परवाना लागत नाही. कपाट केवढं असावं याचा कायदा मी तरी वाचलेला नाही."

"तीन मीटर रुंद आणि छताला टेकणारं कपाट?"

"तुमच्याकडे सामान फार असेल."

"आणि कपाटातून पलीकडे जायला दार?"

"सर," मुकादम उठता उठता म्हणाले, "चांगल्या कपाटाला असतं."

बाबा दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच व्याख्या केली, की जे खिळे काढून हलवता येतं ते बांधकाम नव्हे. व्याख्या सापडली की माझे बाबा काहीही करू शकतात.

सुतारकामाला उस्ताद बुजमा आले. आमच्या गावात थुयाच्या सुगंधी लाकडाचं काम करणारे पुष्कळ, पण यम्माला बुजमाच हवे होते, कारण राज्यपालांच्या घरातली बुद्धिबळाची पेटी त्यांनी केली आहे. असं ते स्वतः म्हणतात. ते टेप वापरत नाहीत, कोपरापासून बोटापर्यंतच्या हातानं मोजतात. बाबा मागून टेप लावून तेच मोजायचे आणि आकडा मोठ्यांदा सांगायचे. दोन आठवडे दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, फक्त मापं बोलत होती. कपाट मात्र असं झालं की बघत राहावं. तांबूस-तपकिरी गाठी, लिंबाच्या लाकडाची नक्षी, खोलीभर मधासारखा वास. मधलं एक दार उघडलं की पलीकडे माझी खोली! दोन मीटर बाय तीन, एक खिडकी, एक टेबल. मी आत गेले, दार लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा शांतता ऐकली.

मग बाहेर यायला गेले. बाहेरची कडी आपोआप पडली होती आणि दाराला आतून कडी नव्हती.

"कपाटाला आतून कडी कशाला?" उस्ताद बाहेरून ओरडले. "आत कपडे असतात!"

त्यांनी सुटका केली, आतून दार ओढून धरायला एक सुतळी बांधून दिली आणि कडी पुढच्या आठवड्यात लावतो म्हणाले. आमच्याकडे पुढचा आठवडा ही एक वेगळीच जागा आहे. सगळे उस्ताद शेवटी तिथे राहायला जातात.

शिवाय एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. बाबांच्याही नाही, आणि त्यांनी तर आकृती काढली होती. माझ्या खोलीत जायचं ते दिवाणखान्यातून. दिवाणखान्याला कुलूप. किल्ली यम्माकडे. म्हणजे भूगोल वाचायचा तर आधी यम्माला शोधा, मग चपला काढा, मग गालिच्याची कड धरून भिंतीला चिकटत जा, पाहुण्यांच्या जागेवर सावलीही पाडू नका. रात्री पाणी प्यायला उठले तर सीमा ओलांडायला निघालेल्या माणसासारखी चौकशी व्हायची.

आणि अजून बावीस राहिलेच होते.

कपाटामुळे दोन लांब बैठका प्रत्येकी दोन मीटर छाटाव्या लागल्या. चौकटी उस्तादांनी कापल्या. गाद्या? गाद्या लोकरीच्या, यम्माच्या लग्नातल्या. चोवीस वर्षं पाहुणे बसून बसून त्या भाकरीसारख्या दाबल्या गेलेल्या. यम्मा म्हणाली, एका टोकाला उसवू, लोकर काढू, शिवून टाकू. एका दुपारचं काम. तेवढ्यात जिन्यातून आवाज आला.

"उसवताच आहात तर धुऊन घ्या!" हज्जा रकिया. "आणि धुताच आहात तर पिंजून घ्या! पुन्हा कोण उसवणार आहे?"

परीक्षेला बारा दिवस होते. मी म्हणाले, नको. सनाए म्हणाली, नको. बाबा तर दोनदा म्हणाले. यम्मानं बाह्या सरसावल्या.

शनिवारी सगळ्या गाद्या गच्चीवर गेल्या. बिल्डिंगभरच्या बायका आल्या, टपांत लोकर बुडाली, काठ्या चालल्या, गाणी झाली, आणि चोवीस वर्षांपूर्वीच्या मेंढ्यांचा वास पुन्हा जिवंत होऊन चार मजले खाली उतरला. मी एका हातानं लोकर बडवत होते आणि दुसऱ्या हातात फ्रेंच क्रियापदांचा कागद धरला होता. रविवारी लोकर वाळली. सोमवारी पिंजली. पांढरी, हलकी, ढगासारखी. यम्मा तिच्याकडे बघून रडली.

मंगळवारी वारा सुटला.

आमच्या गावात वाऱ्याचं कुणाला नवल नाही, इथली झाडंसुद्धा एका बाजूला झुकून वाढतात. तरीही पिंजलेली लोकर गच्चीवर ठेवून आम्ही सगळ्या बायका चहा प्यायला खाली आलो. ही चूक मी कुणा एकीवर ढकलणार नाही, पण चहाला हज्जानं बोलावलं होतं. वर गेलो तेव्हा निम्मा ढग निघून गेला होता. शेजारच्या सगळ्या डिश अँटेनांना दाढ्या आल्या होत्या. मासळीवाल्याच्या गाडीवर सार्डिनी पांघरूण घेऊन झोपल्यासारख्या दिसत होत्या. मुकादम सी लहसन मिशीतून लोकर वेचत वर आले आणि गंभीरपणे विचारलं, "सी तैयब, हेपण कपाटातच धरायचं का?"

मी, सनाए आणि बाबा पोती घेऊन पाच गल्ल्या हिंडलो. माझ्याच वर्गातला आदिल मला एका खजुराच्या झाडाखाली उड्या मारताना बघून गेला. वादविवाद स्पर्धेतली माझी सगळी कमाई त्या झाडाखाली संपली.

एवढं करून सगळी लोकर मिळाली. आणि खरं संकट तेच होतं. कारण गाद्या छाटल्यामुळे छोट्या झाल्या होत्या आणि पिंजल्यामुळे लोकर तिप्पट झाली होती.

"वस्तुमान तेवढंच आहे," बाबा म्हणाले. "फक्त घनफळ वाढलंय."

"मग घनफळ तुमच्या शाळेत नेऊन ठेवा!" यम्मा म्हणाली.

कोंबता येईल तेवढी कोंबली. गाद्या पिंपांसारख्या गोल झाल्या. बाबा प्रयोगासाठी बसले आणि प्रतिष्ठेनं, हळूहळू, चेहऱ्यावरची रेषही न हलवता पुढे घसरत जमिनीवर पोचले. उरलेल्या लोकरीचा डोंगर कुठे गेला असेल? हो. माझ्या खोलीत. "चारच दिवस," यम्मा म्हणाली. टेबल दिसेनासं झालं. मी लोकरीत बोगदा करून इतिहासाचं पुस्तक शोधलं.

त्याच वेळी फोन आला. नौफलची आई, लल्ला बतूल, म्हणजे बतूल बाईसाहेब, सफीहून बोलत होती. सनाएला रीतसर मागणी घालायला ते नऊ जण येणार होते. गुरुवारी. माझी परीक्षा सोमवारी!

घरात आता माझी परीक्षा कुणाला आठवत नव्हती. सनाए आरशापुढे, यम्मा बदामाच्या करंज्यांपुढे, बाबा गाद्यांपुढे. बसणाऱ्यांनी किती अंश मागे रेलून बसावं, ते बाबा मोजत होते. गुरुवारी दुपारी यम्मानं मला कपाटाच्या दारात नेलं आणि माझे दोन्ही खांदे धरले.

"बाळा, एकच काम. आत बस आणि सुतळी धरून ठेव. नुसत्या बाहेरच्या कडीनं दार राहत नाही, उघडलं तर लोकर बाहेर येईल."

"म्हणजे मी कडी?"

"परीक्षेचं वाच ना आत. शांतता आहे."

तर अशी मी, वादविवादातली पहिली, घरातल्या कपड्यांत, गळ्यापर्यंत लोकरीत बसून, हातात सुतळी धरून माझ्या बहिणीची मागणी ऐकत होते. नऊ पाहुण्यांचे आवाज येत होते. मध्येच कुणीतरी "अरे अरे" म्हणत घसरायचं आणि दुसरं कुणीतरी सावरायचं. बाबा हवापाण्यावर बोलत होते. मग लल्ला बतूलचा भारदस्त आवाज अगदी जवळ आला.

"काय सुंदर काम आहे हो! थुया ना? आतूनही असंच आहे का?"

"आतून काही नाही!" यम्मा किंचाळलीच. "आत चादरी आहेत!"

"मग चादरीच बघू. घराची पारख चादरींवरून होते."

मी सुतळी ओढली. तिकडून तिनं कडी ओढली. सफीच्या बायका मजबूत असतात. सुतळी तुटली, दार उघडलं, आणि आधी लोकर, मग फ्रेंच क्रियापदं, मग मी, अशा क्रमानं आम्ही दिवाणखान्यात आलो. थेट लल्ला बतूलच्या पायांवर.

इतकी शांतता तर मला माझ्या खोलीतही मिळाली नव्हती. सनाएचा चेहरा लोकरीएवढा पांढरा पडला. मी लोकरीतूनच म्हणाले, "अस्सलामु अलैकुम."

लल्ला बतूल खाली वाकली. तिनं मूठभर लोकर उचलली, चोळली, वास घेतला. नवऱ्याच्या नाकाखालीही धरली.

"खरी लोकर," ती म्हणाली. "घरी धुतलेली, हातानं पिंजलेली. बघताय का? आमच्या गल्लीत सगळ्यांच्या बैठकांत आता स्पंज आहे. वर मखमल, आत स्पंज!" मग यम्माकडे वळून, "लल्ला झहरा, आमच्यासाठी एवढे कष्ट घेतलेत? मुलगी अशा घरातलीच हवी होती मला."

आणि ती तिथेच गालिच्यावर बसून लोकर गोळा करायला लागली. तिच्या दोन्ही नणंदाही बसल्या. पाच मिनिटांत सगळे पाहुणे त्या घसरत्या बैठकांवरून सुटका झाल्यासारखे खाली आले, आणि माझ्या बहिणीचं लग्न लोकरीच्या ढिगात ठरलं. मी आनंदानं रडले. खरंच रडले, सनाए माझी लाडकी आहे. त्यामुळे पुढचं वाक्य मला जरा उशिरा कळलं.

लल्ला बतूल कपाटाच्या दारातून आत डोकावत होती. "अगं बाई, पलीकडे खोली! बायकांची वेगळी बैठक का? काय डोकं लावलंय!"

यम्मानं माझ्याकडे पाहिलं. मग खोलीकडे पाहिलं. मग उरलेल्या लोकरीकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "बायकांचीच."

शुक्रवारी सकाळी उस्ताद बुजमा आले. एका निरोपात! पुढच्या आठवड्यातून माणूस परत आलेला मी पहिल्यांदाच पाहिला. कडीसाठी नाही, बैठकीसाठी. माझं टेबल बाहेर गेलं, दोन नव्या बैठका आत गेल्या, त्यांत सगळी उरलेली लोकर बसली. बाबांनी मोजलं. बावीस नाही, तीस. यम्मानं दोन्ही दिवाणखान्यांना कुलूप लावलं, कारण साखरपुडा महिन्यावर आला होता.

राहायच्या खोलीत शुभकार्याला भेट देतात ते साखरेचे शंकू, मिठायांची तबकं आणि अभिनंदनाला आलेल्या तीन मावश्या. माझं टेबल स्वयंपाकघरात, त्यावर हज्जा रकिया कणीक मळतेय. मी पुस्तक घेऊन जिन्यात बसले. आमच्या जिन्यातला दिवा दर मिनिटाला आपोआप विझतो. पहिलं महायुद्ध वाचताना मी एकवीस वेळा उठून बटण दाबलं. बाविसाव्या वेळी उठले ती बसलेच नाही.

आत जाऊन मी माझा ईदचा पायघोळ काफ्तान घातला. केस विंचरले. पिशवीत चारही विषयांची पुस्तकं भरली, मावश्यांच्या तबकातला साखरेचा एक शंकू उचलला, कारण रिकाम्या हातानं कुणाकडे जात नाहीत. मग बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि आमच्याच घराची घंटा वाजवली.

बाबांनी दार उघडलं. मागून यम्मा आली, हाताला पीठ, कमरेला किल्ली.

"हे काय सोंग?" ती म्हणाली.

मी तिच्या हातात साखर दिली. आणि टाळ्यांची वाट न बघता, अगदी सरळ आवाजात सांगितलं, "यम्मा, बाबा, मी ठरवलंय. आजपासून मी या घरातली मुलगी नाही, पाहुणी आहे. आपल्या रीतीप्रमाणे पाहुण्याला तीन दिवस कुणी विचारत नाही, का आलात आणि कधी जाणार. तरी मीच सांगते, सोमवारी सकाळी सात वाजता मी परीक्षेला जाईन. तोवर मोठ्या दिवाणखान्यातली खिडकीखालची जागा माझी. कुलूप काढा, चादर काढा, चहात पुदिना जास्त घाला. आणि त्या मावश्यांना सांगा, हळू बोला, घरात पाहुणी आलीय."